डिट्रान्झिशन : कारणे, अनुभव आणि लिंगओळख

जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख स्वीकारून नाव, वेश, कागदपत्रे किंवा शरीर यांत केलेले बदल पुढे थांबवणे अथवा मागे घेणे, याला ‘डिट्रान्झिशन’ म्हणतात. काही व्यक्ती केवळ संप्रेरकोपचार बंद करतात, काही पूर्वीचे नाव पुन्हा धारण करतात, तर काही नव्या शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करतात. यातील प्रत्येक जण पारलिंगी ओळख सोडतोच असे नाही. प्रत्येकाला पश्चात्ताप होतोच असेही नाही.

बाह्य कारणे

अमेरिकेत २०१५ मध्ये झालेल्या पारलिंगी व्यक्तींच्या सर्वेक्षणात २७,७१५ जणांनी भाग घेतला. त्यांपैकी ८ टक्के जणांनी कधी ना कधी डिट्रान्झिशन केल्याचे नमूद केले. बहुतेकांच्या बाबतीत ते तात्पुरते ठरले. डिट्रान्झिशन केलेल्यांपैकी ३६ टक्के जणांनी आई किंवा वडिलांचा दबाव हे कारण सांगितले. छळ, भेदभाव आणि नोकरी मिळण्यातील अडचणी हीही कारणे पुढे आली. लिंगपरिवर्तन आपल्यासाठी नाही, असे जाणवल्याचे त्यांपैकी केवळ ५ टक्के जणांनी सांगितले. मात्र हे सर्वेक्षण स्वतःला पारलिंगी मानणाऱ्यांपुरते मर्यादित होते. ती ओळख पूर्णतः सोडलेल्यांचे अनुभव त्यात येणे शक्य नव्हते.

आंतरिक कारणे

अमेरिकी संशोधक लिसा लिटमन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैद्यकीय उपचारांनंतर मागे फिरलेल्या १०० व्यक्तींचा समावेश होता. जन्मावेळच्या लिंगाशी आता अधिक सहजतेने जुळवून घेता येते, असे ६० टक्के जणांनी सांगितले. ४९ टक्के जणांना उपचारांच्या संभाव्य दुष्परिणामांची चिंता होती. आपल्या अस्वस्थतेचे मूळ आघात, अत्याचार किंवा मानसिक आजारात होते, असे ३८ टक्के जणांचे मत झाले. समलैंगिकतेविषयीचा तिरस्कार, किंवा स्वतःची समलैंगिकता अथवा द्विलैंगिकता स्वीकारण्यातील अडचण, हे कारण २३ टक्के जणांनी दिले. एकाच व्यक्तीने अनेक कारणे सांगितली असल्याने ही टक्केवारी एकत्र मोजता येत नाही. तसेच हा नमुना स्वेच्छेने सहभागी झालेल्यांचा असल्याने त्यावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही.

ओळखीचे विविध अर्थ

मागे फिरलेल्या व्यक्ती स्वतःकडे एकाच दृष्टीने पाहत नाहीत. काही जण स्वतःला पुन्हा स्त्री किंवा पुरुष मानतात आणि आधीचा काळ चूक ठरवतात. काहींच्या मते तो काळ स्वतःला समजून घेण्याचा टप्पा होता. काही जण स्त्री-पुरुष या चौकटीबाहेरची ओळख स्वीकारतात. काही मनाने पारलिंगीच राहतात. केवळ सुरक्षितता, कुटुंब किंवा उदरनिर्वाहासाठी बाह्य रूप बदलतात.

शरीर मात्र पूर्ववत होतेच असे नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे जाड झालेला आवाज औषध थांबवल्यावरही तसाच राहतो. अंडाशय किंवा वृषण काढलेल्या व्यक्तीला बाहेरून संप्रेरके घेत राहावी लागतात आणि तिची प्रजननक्षमताही कायमची जाते.

प्रमाणाचा प्रश्न

डिट्रान्झिशनचे प्रमाण नेमके काय मोजले जाते यावर अवलंबून असते. ॲमस्टरडॅम येथील रुग्णालयात १९७२ ते २०१५ या काळात आलेल्या ६,७९३ व्यक्तींच्या नोंदींत, जननग्रंथी काढल्यानंतर पश्चात्ताप झाल्याचे प्रमाण पारलिंगी स्त्रियांमध्ये ०.६ टक्के आणि पारलिंगी पुरुषांमध्ये ०.३ टक्के आढळले. परंतु ही संख्या शस्त्रक्रियेनंतरच्या, रुग्णालयाकडे नोंदलेल्या पश्चात्तापाची आहे. केवळ संप्रेरके थांबवणारे तिच्यात येत नाहीत. शिवाय लिटमन यांच्या अभ्यासातील १०० पैकी २४ जणांनीच आपला निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवला होता.

हे मौन केवळ आकडेवारीपुरते महत्त्वाचे नाही. संप्रेरके थांबवताना वैद्यकीय देखरेखीची गरज असते आणि मानसिक आधारही लागतो. इंग्लंडमधील बालक व तरुणांच्या लिंगओळख सेवांचा आढावा घेणाऱ्या डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ मधील अहवालाने, डिट्रान्झिशनचा विचार करणाऱ्यांसाठी सेवेची तरतूद करण्याची शिफारस केली. पूर्वी जेथे उपचार घेतले तेथेच परत जाण्याची अशा व्यक्तींची इच्छा नसू शकते, याची दखलही अहवालाने घेतली आहे.