तिसऱ्यांदा नको

रथाला बैल किती होते, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. आजी म्हणायची सहा, आजोबा म्हणायचे बारा. वर ते तिला ऐकवायचे, "तुले तवा मोजता तरी येत व्हतं का?" आजी तेव्हा परकरातली पोर होती. पण रथ तिनं पाहिला होता आणि रथातला गोरापान माणूसही. तो काय बोलला ते विचारलं की म्हणायची, "मले काय समजनार? मी तं बैलं पाहत व्हती."

रावेरहून सावद्यावरून फैजपूर म्हणजे बैलगाडीनं निम्मा दिवस. डिसेंबर १९३६ मध्ये आख्खा तालुका त्या वाटेनं लोटला होता. काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरण्याची ती पहिलीच वेळ. या तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलिसातली नोकरी सोडून सत्याग्रहात पडलेले. तयारीचा मोठा भार त्यांच्यावर. साने गुरुजी गावोगाव हिंडत होते. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून कमानी उभ्या केल्या आणि त्या वसाहतीला नाव मिळालं टिळकनगर. आजोबा तिथं पाणी वाहणाऱ्या पोरांत होते. झेंडा वर चढवताना मध्येच अडकला आणि शिरपूरचा किसनसिंग राजपूत खांबावर सरसर चढून तो मोकळा करून आला, ही गोष्ट सांगताना त्यांचा हात आपोआप वर जायचा. गांधीजी आले होते, त्यांनी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन उघडलं, शेतकऱ्यांसाठी ठराव झाला, हे ते एका दमात उरकायचे. झेंड्याला मात्र पाव तास.

काँग्रेसच्या अध्यक्षाला तेव्हा राष्ट्रपती म्हणत. रथातले राष्ट्रपती जवाहरलाल नेहरू लागोपाठ दुसऱ्यांदा त्या जागेवर बसत होते, हे आजोबांना पुष्कळ नंतर कळलं. आदलं अधिवेशन लखनौला त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालं होतं आणि तिथंही तेच अध्यक्ष. अध्यक्षाची मुदत साधारण वर्षाची, दर अधिवेशनाला नवा माणूस अशी रीत. फैजपूरसाठी वल्लभभाईंचंही नाव होतं. त्यांनी ते मागे घेतलं, पण पत्रकात बजावून ठेवलं की अध्यक्षाला हुकूमशहाचे अधिकार नसतात, तो बांधलेल्या संघटनेचा प्रमुख असतो, बस. पाठिंबा देता देता लगाम हातात ठेवायचा तो असा. मला ते पत्रक फैजपूरच्या भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं.

तिकडे अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट नोव्हेंबरमध्येच दुसऱ्यांदा निवडून आले होते. वॉशिंग्टननं दोन खेपांनंतर घरी जाऊन जी वाट पाडली होती, ती सोडून तोवर कुणी तिसऱ्यांदा निवडून आलं नव्हतं. कायदा नव्हता, रीत होती. रूझवेल्ट १९४० मध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले, १९४४ मध्ये चौथ्यांदा, आणि मग १९५१ मध्ये अमेरिकेला राज्यघटनेत बाविसावी दुरुस्ती करून दोनचा आकडा लिहून ठेवावा लागला.

आपल्याकडे तिसऱ्या खेपेवरची कुरबुर १९३७ मध्येच झाली, आणि तीही भलत्याच दिशेनं. प्रांतिक निवडणुका जिंकल्या होत्या, नेहरूंच्या सभांना माणूस मावत नव्हता, आणि आता त्यांनाच तिसऱ्यांदा अध्यक्ष करावं असं बोललं जाऊ लागलं. त्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात एक लेख आला. लेखाचं नाव 'राष्ट्रपती', लेखक 'चाणक्य'. गर्दीतून मिरवत जाणारा, हसून हात जोडणारा हा माणूस खरोखर तसा आहे की हे सराईत पुढाऱ्याचं कसब आहे, अशी शंका काढून लेखक पुढं म्हणतो की याच्यात हुकूमशहा होण्याचा सगळा ऐवज आहे: लोकप्रियता, जिद्द, अभिमान, दुसऱ्यांबद्दलची असहिष्णुता. थोडंसं वळण बदललं की झालं. तेव्हा याला तिसऱ्यांदा निवडू नका, आपल्याला सीझर नकोत. लोक चक्रावले, एवढा आतल्या गाठीचा वैरी कोण? पुढं उलगडलं की चाणक्य म्हणजे खुद्द नेहरू.

मिरवणुकीच्या रथात बसलेल्या माणसानं आपल्याच मिरवणुकीवर असं लिहावं, याचं आजोबांना फार अप्रूप होतं. मला थोडा संशय येतो. टोपणनावानं स्वतःला झोडपण्यातही एक ऐट असते. पण अध्यक्ष ते तिसऱ्यांदा लगोलग झाले नाहीत. १९३८ मध्ये हरिपुऱ्याला सुभाषबाबू आले. तेही दुसऱ्यांदा उभे राहिले, त्रिपुरीसाठी पट्टाभी सीतारामय्यांना १३७७ विरुद्ध १५८० मतांनी हरवून निवडून आले आणि दोन-तीन महिन्यांतच राजीनामा देऊन बाहेर पडले. मग १९४० मध्ये मौलाना आझाद अध्यक्ष झाले ते थेट १९४६ पर्यंत. त्यांनी खुर्ची अडवली असं कुणी म्हणणार नाही. १९४२ च्या ऑगस्टात कार्यकारिणीच अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडली गेली, अधिवेशन भरवणार कोण?

स्वतंत्र भारताचा राष्ट्रपती करताना हे सगळं पाहिलेली माणसंच घटना लिहायला बसली होती. मसुद्यात फेरनिवड एकदाच, अशी अट होती. मंजूर घटनेच्या कलम ५७ मध्ये ती राहिली नाही. मुदत पाच वर्षं, आणि नवा माणूस पदावर येईपर्यंत जुन्यानं थांबायचं, असं कलम ५६ म्हणतं. या थांबण्यातून कुणाला राज्य लांबवता येईल का? १९७४ मध्ये तशी वेळ आली. राष्ट्रपती गिरींची मुदत २४ ऑगस्टला संपत होती आणि गुजरात विधानसभा विसर्जित, म्हणजे मतदारच अपुरे. सर्वोच्च न्यायालयानं सल्ला दिला: विधानसभा नसली तरी चालेल, निवडणूक मुदतीच्या आत झालीच पाहिजे. त्याच तारखेला फखरुद्दीन अली अहमद यांनी शपथ घेतली.

दोन वर्षं गेली नाहीत तोच आणीबाणीत लोकसभेनं स्वतःचीच मुदत वाढवून घेतली. १९७१ ची लोकसभा १९७७ पर्यंत चालली. बेचाळिसाव्या दुरुस्तीनं पाचाची सहा वर्षं केली, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं पुन्हा पाच. आजोबा तेव्हा थकले होते. केळीच्या बागेत बांधावर बसून म्हणाले, "चाणक्याले हे सुचलं नाही." त्यांचा रोख मला तेव्हा कळला नाही. पुढं वाचताना लक्षात आलं की चाणक्यानं अध्यक्षपदाबद्दल लिहिलं, पंतप्रधानपदाबद्दल नाही. त्या पदाला आपल्या घटनेत मुदतीचा आकडा नाहीच. १९५८ मध्ये नेहरूंनी मोकळं होण्याची इच्छा बोलून दाखवली, पक्षानं ती मानली नाही, ते राहिले; १९६४ च्या मे महिन्यापर्यंत, एकूण जवळजवळ सतरा वर्षं.

राष्ट्रपतिभवनात आजवर दोनदा निवडून गेले ते एकटे राजेंद्रबाबू. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई २५ जुलै २०१२ ला पाच वर्षं पुरी करून निघाल्या. आमदार म्हणून त्यांनी एदलाबादचं प्रतिनिधित्व केलेलं, म्हणजे शेजारचाच तालुका. तेव्हा रावेरच्या चौकात चहा पिता पिता एकानं विचारलं होतं, "ताईंना परत का नाही उभं करत? कायदा नाही म्हणतो का?" कायदा नाही म्हणत नव्हता. कुणी मागणीही केली नव्हती.