वाघानेच काढलेला फोटो

वाघाचं कातडं दिवाणखान्यात मिरवण्याचा तो काळ. 1920च्या दशकात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी मात्र वाघाच्या वाटेवर कॅमेरा मांडला.

वाटेत आडवी बारीक तार. वाघाचा पाय तिला लागला की मॅग्नेशियमची पूड भपकन पेटे आणि अंधारातला वाघ आपलाच फोटो काढून पुढे जाई. यामागचा संयम बंदुकीच्या नेमापेक्षा कितीतरी मोठा!

1925मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने हे फोटो छापले, 1927मध्ये पुस्तकही आलं. शिकारी जिम कॉर्बेट कॅमेऱ्याकडे वळले, त्यात चॅम्पियन यांचा मोठा वाटा.

फोटोंतल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो, हे त्यांनी दाखवलं. ताडोबातही आज वाघ मोजताना कॅमेऱ्यात टिपलेले पट्टेच पडताळतात.