रासायनिक टाक्यांतील मिश्रणाचे मापन : बल्लारपूरच्या लगद्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. येथील जंगलातील बांबूवर बल्लारपूरचा कागद उद्योग उभा राहिला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या उद्योगाचा इतिहास बहुधा बांबू, मजूर व वर्धा नदी यांच्या अंगाने सांगितला जातो. लगद्याच्या टाकीत काय घडते, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखात त्या अंगाचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप

बांबूचा लगदा मुळात तपकिरी असतो. तो पांढरा होण्यासाठी विरंजक रसायन प्रत्येक तंतूपर्यंत पोहोचावे लागते. दाट लगद्यात ते सहज पसरत नाही. परिणामी काही भाग तपकिरी राहतो, तर काही भागांतील तंतू अतिविरंजनाने दुबळे होतात. ही उणीव जादा रसायनाने भरून काढल्यास त्याचा भार अखेर सांडपाण्यावर पडतो.

मापनाचा विकास

केंब्रिजचे पीटर डँकवर्ट्स यांनी १९५२ मध्ये मिश्रणातील विलगतेची मापे मांडली आणि १९५३ मध्ये निवासकालाच्या वितरणाची संकल्पना सुस्पष्ट केली. तिची पद्धत सोपी आहे. टाकीत जाणाऱ्या प्रवाहात क्षणभर मीठ सोडावयाचे आणि बाहेर पडणाऱ्या द्रवाची विद्युतवाहकता मोजत राहावयाचे. पूर्णतः ढवळलेल्या टाकीतून सरासरी निवासकालापर्यंत सुमारे ६३ टक्के मीठ बाहेर पडते. याहून वेगळे चित्र दिसल्यास टाकीत साचलेला कोपरा किंवा आडवाट असल्याचे कळते.

डँकवर्ट्स यांचे शिष्य मनमोहन शर्मा १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक झाले. तेथील जोशी, पंडित व शर्मा यांचा वायू-द्रव ढवळपात्रांवरील आढावा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८९ मध्ये रानडे व जोशी यांनी तिरप्या पात्यांच्या पंख्याने निर्माण होणारा प्रवाह लेझरच्या साहाय्याने मोजला. टाकीच्या दारावरील मापन अशा रीतीने टाकीच्या आत पोहोचले.

मर्यादा व निष्कर्ष

द्रवाचा अंश टाकीत किती काळ राहिला, हे निवासकाल सांगतो. त्या काळात तो कशाशी मिसळला, हे सांगत नाही. टाकीबाहेर सरासरी योग्य असूनही आतील गोळे कोरे राहू शकतात. म्हणून मिश्रणाचे माप टाकीच्या आकारावरून नव्हे, तर अभिक्रियेच्या गरजेवरून ठरवावे लागते. लगद्याबाबत ते तंतूएवढे सूक्ष्म असावे लागते. जंगलातील बांबूचा किती अंश कागद झाला आणि किती रसायन सांडपाण्यात गेले, या प्रश्नांच्या उत्तराचा एक भाग या मापात आहे. प्रादेशिक उद्योगाच्या इतिहासलेखनात त्याची दखल घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.