तंबोऱ्यावरची वेल

चवथीच्या आधीचा शुक्रवार म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा खरा दिवस. माटोळीचे सामान घेऊन पेडण्याकडची, डिचोलीकडची माणसे सकाळीच उतरतात, आणि मातीच्या भांड्यांच्या राशीत घुमटेही येऊन बसतात. गेल्या चवथीला मी असेच एक घुमट उचलून थाप मारून बघत होतो, तेवढ्यात माझा भाचा शोधत आला. हातात गुंडाळलेला कागद. बार्देशातल्याच एका कारागिराकडे त्याने स्वतःच्या मापाची गिटार करायला दिली आहे, आणि तिच्यावर कसले जडावकाम करायचे याचे रेखाटन त्या कागदावर होते.

मानेवर, म्हणजे बोटे जिथे फिरतात त्या पट्टीवर, त्याचे नाव. खाली मोर. पोटावर कमळ. आणि मग तो हळूच म्हणाला, "मामा, आजीच्या तंबोऱ्यावर हस्तिदंताची पाने आहेत ना? त्यातली चार काढून घेतली तर? आजीची आठवण म्हणून."

मी घुमट खाली ठेवले आणि नाही म्हटले. का नाही, हे मात्र मला तेव्हा सांगता येईना. त्याचे तोंड एवढेसे झाले. तो काही खोडसाळपणाने विचारत नव्हता. आजीचा तंबोरा कोपऱ्यात गवसणी घालून उभा आहे, घरात आता गाणारे कोणी नाही, आणि हा मुलगा वाजवतो गिटार. आजीचे त्याच्याकडे काय जाणार, हा त्याचा प्रश्न खरा होता. मग उत्तर शोधायला बसलो. हा लेख म्हणजे ते उत्तर.

आईचा तंबोरा मिरजेचा. गोव्यातल्या गाणाऱ्या घरांत हे नवल नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. तिथले शिकलगार मूळचे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम संपत गेले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊबंद सतार-तंबोऱ्यांच्या दुरुस्तीकडे वळले, आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडवू लागले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि मिरजेचा हात, असा हा तंबोरा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्या संध्याकाळी मी तंबोऱ्याची गवसणी काढली आणि बऱ्याच वर्षांनी त्याची नक्षी नीट पाहिली. तबलीच्या कडेने पांढरी वेल. दांडी जिथे भोपळ्याला मिळते त्या सांध्यावर पाने. तबलीचे मधले अंग मात्र संपूर्ण कोरे. ते कोरे का, हे ज्याने तंबोरा छेडला आहे त्याला कळते. तारांचे कंपन घोडीतून तबलीत उतरते. ती जितकी मोकळी तितका नाद मोकळा. तिथे पाने जडवली तर दिसायला शोभा, ऐकायला ओझे. कारागिराने आपली हौस फेडली ती काठावर आणि सांध्यावर, जिथे लाकूड जोडलेले असते आणि पट्टीने सांधा झाकलाही जातो, राखलाही जातो. सर्वांत शहाणी शोभा घोडीखालच्या मण्यांची. दिसायला दागिना, आणि काम सूर बारीक लावण्याचे.

आता हस्तिदंत. आमच्या घरात लहानपणापासून 'हस्तिदंती वेल' असेच म्हणत आले. मी भिंग घेऊन पाहिले. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. इथे होत्या त्या सरळ, समांतर, आखल्यासारख्या रेषा. अंगठ्याने जोरात घासले आणि वास घेतला. कापूर! देवघरातला कापूर.

तो सेल्युलॉइडचा वास. १८६९-७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने हे द्रव्य चलनात आणले. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत, हस्तिदंत महाग होत चालला होता, म्हणून त्याला पर्याय हवा होता. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला की घडवता येईल असा पदार्थ तयार होतो. मिरजेच्या कारागिरांनी याचेच तक्ते आणून पट्ट्या कापल्या, त्यांवर वेल कोरली आणि कोरलेल्या रेघांत काळा रंग भरला. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. पण आईच्या तंबोऱ्यावरून तर हत्ती केव्हाच निघून गेला होता. राहिली होती वेल.

गंमत अशी की गिटारीची कहाणी याहून वेगळी नाही. गोव्यात पाश्चात्त्य संगीत रुजले ते पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून, स्वरलेखनाच्या शिस्तीने. मांड्याला साथ व्हायोलिनची आणि घुमटाची. गिटार घराघरांत पसरली ती नंतर. पोर्तुगीज माणूस 'गितारा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फादोचे बारा तारांचे, पेराच्या आकाराचे वाद्य असते. आपल्या ओळखीच्या सहा तारांच्या गिटारीला तो 'व्हियोला' म्हणतो. शिंपल्याचे आणि हस्तिदंताचे जडावकाम मात्र आपल्याला तिकडून शिकावे लागले नाही. गुजरातेत शिंपल्याचे तुकडे पितळी चुकांनी बसवलेल्या पेट्या सोळाव्या शतकातच पोर्तुगीज जहाजांतून युरोपात जात होत्या. सतराव्या शतकात इथून गेलेली, आबनूस आणि हस्तिदंत जडवलेली अनेक खणांची कपाटे आज तिकडच्या संग्रहालयांत आहेत.

युरोपातल्या त्या काळच्या गिटारीही नखशिखान्त नटलेल्या. हॅम्बर्गचा योआखिम टील्के (१६४१-१७१९) हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीची ढाल वापरून गिटारीची मान आणि पाठ अशी मढवी की लाकूड शोधावे लागे. पुढे स्पेनमध्ये आन्तोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) आला आणि लक्ष पुन्हा नादाकडे गेले. आजच्या गिटारीचा आकार बराचसा त्याचाच. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. दाखवायचे एवढेच होते की नाद मुख्यतः वरच्या फळीतून येतो. ती फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर शोभा कुठे? छिद्राभोवतीच्या गोल चक्रात, जे छिद्राच्या कडेला लाकूड चिरू नये म्हणूनही उपयोगी पडते; आणि काठावरच्या पट्टीत, जी सांधा राखते. मिरजेच्या कारागिराने जे केले तेच! दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल.

नाव घालण्याची हौस अमेरिकेतली. जिमी रॉजर्स हा रेल्वेतला माणूस गायक झाला आणि १९२८ च्या त्याच्या मार्टिन गिटारीच्या पट्टीवर त्याचे नाव शिंपल्यात जडवलेले होते. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'थँक्स' लिहिलेले; गाणे संपले की गिटार उलटी करून तो ते श्रोत्यांना दाखवी. त्याच्यावर लुब्ध असलेल्या जीन ऑट्रीने १९३३ मध्ये मार्टिनकडून पहिली डी-४५ करवून घेतली, काठाने अबलोनीचा रंगीत शिंपला आणि पट्टीवर स्वतःचे नाव. या मार्टिन कंपनीनेही १९१८ च्या सुमारास हस्तिदंताच्या काठपट्ट्या सोडून सेल्युलॉइड घेतले होते. मिरजेत कापूर, तिकडेही कापूर! आणि १९६९ मध्ये ब्राझीलचे शिसव मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी पाठीसाठी घेतले ते भारतीय शिसव. आपल्या सह्याद्रीत वाढते ते झाड.

घुमटाचे तरी काय? पूर्वी घोरपडीचे कातडे. घोरपड कायद्याने संरक्षित झाल्यावर बकऱ्याचे. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा-वाद्य ठरवले. बदललेले कातडे त्याच्या आड आले नाही.

मग भाच्याला पुन्हा बोलावले. तंबोरा त्याच्या मांडीवर दिला आणि वेल घासून वास घ्यायला लावले. तो हसायलाच लागला. म्हटले, बाबा रे, ही पाने उपटून तुझ्या हाती काय येणार? पिवळा पडलेला, ठिसूळ तुकडा. वर जुने सेल्युलॉइड पटकन पेट घेते. आजीने जे वर्षानुवर्षे बोटांखाली पाहिले ती ही वळणे. ती घे.

त्याने पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने वेल उतरवून घेतली. मग आमच्या जुन्या खिडकीतल्या शिंपल्याच्या तावदानाची गोष्ट निघाली. ते लावता येईल का? कारागिराने मान हलवली. तो शिंपला उजेड आत यावा इतका पातळ आणि पापुद्र्यांचा. बोटांच्या घर्षणाला टिकणार नाही. पट्टीसाठी मोत्याच्या शिंपल्याचे, दीडेक मिलिमीटर जाडीचे तुकडे लागतात. ते बारीक करवतीने कापायचे, आबनुसाच्या पट्टीत तेवढेच खोल कोंदण कोरायचे, लाकडाची पूड मिसळलेल्या डिंकाने फट भरायची आणि पट्टीशी सपाट होईपर्यंत घासायचे. शिंपल्याची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधूनच.

शेवटी ठरले ते असे. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या पडद्यांवर साधे ठिपके. हातांना जागा दाखवणारे, म्हणजे कामाचे. बाराव्यावर, जिथे सप्तक पुरे होते, तिथे आजीच्या वेलीची दोन पाने. छिद्राभोवतीच्या चक्रात तीच वेल, बारीक. मोर गेला. कमळही गेले. नाव आतल्या कागदी चिठ्ठीवर, कारागिराच्या नावाखाली.

गिटार अजून तयार व्हायची आहे. पाने मात्र बसवून झाली; परवाच पाहून आलो. शिंपला पांढरा आहे, त्याला कापराचा वास नाही. पण डाव्या पानाचे टोक किंचित वर वळलेले आहे, तंबोऱ्यावर आहे तसेच. मिरजेच्या त्या कारागिराचा हात तिथे जरा घसरला असावा. भाच्याने ते मुद्दाम तसेच ठेवायला सांगितले.

तुमच्याही घरी गवसणीत एखादा तंबोरा उभा असेल. एकदा काढा, काठावर अंगठा घासून बघा. आणि नक्षी कागदावर उतरवून ठेवा.