फेरफार नोंद आणि लेखनाधिकाराचे कुलूप : माण तालुक्याच्या संदर्भात
एका अभिलेखावर एका वेळी एकानेच लिहावे, हा दंडक संगणकाने घालून दिलेला नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीच्या अधिकार अभिलेखास आधार मिळाला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० ने तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावी, चावडीवर नोटीस लावावी आणि वरिष्ठाने प्रमाणित केल्याखेरीज ती नोंद अधिकार अभिलेखात उतरू नये, असे ठरविले. लिहिणारा एक, कायम करणारा दुसरा. दहिवडी-म्हसवडच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात या व्यवस्थेचे मोल अधिक. कारण पोटासाठी मुंबईस गेलेल्या वारसास चावडीवरील नोटीस दिसत नाही.

व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क प्रतिमेबाबत हाच प्रश्न उद्भवला. दोन यंत्रे एकाच प्रतिमेत लिहू लागली, तर सामान्यतः आतील फाइलव्यवस्थाच बिघडते. क्यूएमू या प्रणालीत २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून स्वयंचलित कुलूप आले. मात्र लिनक्सवरील हे कुलूप सल्लावजा आहे. न विचारता लिहिणाऱ्यास ते अडवीत नाही. प्रलंबित फेरफारही दुसऱ्या खरेदीखतास स्वतःहून अडवीत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४८ नुसार आधीचे हस्तांतरण वरचढ ठरते खरे. परंतु ते न्यायालयात, आणि बहुधा दुसऱ्या खरेदीदाराची रक्कम देऊन झाल्यावर.