यंत्र कुठे आहे? धाराशिवपासून क्वांटम संगणकाचे अंतर

#थ्रेड

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगर या नगराचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे हे नगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. येथील कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून समुद्रापार. तगरचा विणकर घरीच राही. प्रवास मालाचा होई.

गणनेच्या बाबतीत मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नेमके उलट घडत होते. यंत्र एका जागी रोवलेले असे आणि माणसाला त्याच्यापर्यंत जावे लागे. म्हणून भारतातील संगणकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी यंत्रापासूनच्या अंतराचा इतिहास आहे. क्वांटम संगणकाच्या स्पर्धांना, ज्यांना आज सर्रास हॅकेथॉन म्हटले जाते, या इतिहासात एक विशेष स्थान आहे.

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी बनावटीचा संगणक पूर्ण झाला. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांच्या या यंत्राचे नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० आला. बाहेरच्या संशोधकांनी आपले प्रोग्राम छिद्रित कार्डांवर उतरवायचे, ते गठ्ठे मुंबईत पोहोचवायचे आणि उत्तराची वाट पाहायची, असा तो काळ. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर होता. पण खरे अंतर किलोमीटरचे नव्हतेच. त्या दालनात प्रवेश कोणाला, हा प्रश्न होता.

पुढच्या पिढीत हाच प्रश्न राष्ट्रांपुढे उभा राहिला. ऐंशीच्या दशकात मॉन्सूनच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे एक्स-एमपी-२४ हा महासंगणक मागितला. पावसाची चूक धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला किती महाग पडते, हे १९७२ च्या दुष्काळाने दाखवूनच दिले होते. अमेरिकेने ते यंत्र नाकारले आणि कमी क्षमतेचे एक्स-एमपी-१४ देऊ केले. मार्च १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली ती या पार्श्वभूमीवर. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून मोठे काम करून घेण्याची त्याची रचना होती. नकारातून निर्मिती झाली, ही कथा महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते. मात्र तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यासाठी ‘परम’सुद्धा वर्तमानपत्रातील छायाचित्रच राहिला, हे त्या कथेत सहसा येत नाही.

४ मे २०१६ रोजी चित्र पालटले. आयबीएमने न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथील आपला पाच क्युबिटांचा क्वांटम संगणक इंटरनेटवरून सर्वांसाठी खुला केला. अवकाशाहूनही थंड अशा शीतपात्रात ठेवलेले ते यंत्र मोबाइलच्या पडद्यावरून चालवता येऊ लागले. या औदार्यामागे व्यवहार होता. पाच क्युबिटांची अवस्था लिहायला केवळ ३२ संख्या पुरतात. ते काम कोणताही लॅपटॉप करतो. उपयोग नसलेले यंत्र वाटायला कोणाची हरकत नसते! कंपनीला हवी होती ती या यंत्राची भाषा जाणणारी माणसे, आणि ती घडवण्याचे साधन म्हणून स्पर्धा पुढे आली.

जगभर टाळेबंदी असताना, ४ ते ८ मे २०२० या काळात भरलेले ‘आयबीएम क्वांटम चॅलेंज’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ४५ देशांतील १,७४५ जण त्यात उतरले. कोडी चार होती. खरी कसोटी शेवटच्याची. चार क्युबिटांवर घडवायचे एक रूपांतर १६ × १६ च्या कोष्टकात दिले होते. तेच रूपांतर, ठरावीक चुकीच्या मर्यादेत, शक्य तितक्या ‘स्वस्त’ मंडलाने साधायचे होते. एकाच क्युबिटावरील क्रियेची किंमत १, तर दोन क्युबिटांना जोडणाऱ्या सीनॉट क्रियेची १०. ही किंमत मनमानी नव्हती. प्रत्यक्ष यंत्रात दोन क्युबिटांना जोडताना एका क्युबिटावरील क्रियेपेक्षा कितीतरी अधिक चुका शिरतात आणि मंडल लांबत गेले की उत्तर गोंगाटात बुडते. म्हणजे नवशिक्या स्पर्धकाला खेळाच्या निमित्ताने दिला गेलेला प्रश्न प्रयोगशाळेतील संशोधकाचाही रोजचा प्रश्न होता. त्याच वर्षी सप्टेंबरात खास भारतीयांसाठी ‘किस्किट चॅलेंज इंडिया’ झाले. तेर, तुळजापूर वा परांड्यातून त्यात उतरायचे तर प्रवासखर्च नको होता, शिफारसपत्रही नको होते. पायथनची ओळख, थोडे मॅट्रिक्सचे गणित आणि टिकणारे इंटरनेट मात्र हवे होते. यांतली तिसरी अट किरकोळ समजू नये.

तरीही यंत्र दुसऱ्याचे, ही वस्तुस्थिती बदलली नाही. आयबीएमच्या मोफत योजनेत पुढे महिन्याला दहा मिनिटांची मर्यादा आली. ६ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेने क्वांटम संगणकांच्या निर्यातीवर नियंत्रणे जाहीर केली. ३४ किंवा अधिक क्युबिटांची, ठरावीक मर्यादेहून कमी चुका करणारी यंत्रे त्यांच्या कक्षेत आली. क्रे प्रकरण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही भाषा ओळखीची वाटावी. ३४ क्युबिटांची अवस्था लिहायला सुमारे १,७१८ कोटी संख्या लागतात. खेळण्याचा टप्पा तेथे संपलेला असतो.

भारताने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले होते. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांपर्यंत जाण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. अमेरिकेच्या घोषणेच्या जेमतेम नऊ दिवस आधी, २८ ऑगस्ट २०२४ रोजी, मुंबईहून एक बातमी आली होती. डीआरडीओची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्युबिटांच्या अतिवाहक प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पार पाडली होती. क्युबिट घडवले गेले ते संस्थेच्या कुलाब्यातील आवारात, म्हणजे सीडीसी ३६०० साठी कार्डांचे गठ्ठे जिथे येत असत तिथेच. या वेळी गठ्ठे नव्हते. टीसीएसने तयार केलेल्या क्लाउड व्यवस्थेतून मंडल पाठवले गेले, ते यंत्रावर चालले आणि उत्तर त्याच वाटेने परत आले.