व्रत, मोह आणि हास्य

डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील, म्हणजे आजच्या जळगांव जिल्ह्यांतील, फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबू आणि गांवठी साहित्य यांनीं तेथील टिळकनगर सजविलें होतें. अमळनेरची शिक्षकाची नोकरी १९३० सालीं सोडून देशकार्यास वाहून घेतलेले साने गुरुजी या अधिवेशनासाठीं खेडोपाडीं हिंडले. ते आजन्म अविवाहित राहिले. सेवा आणि संयम हे शब्द त्या काळच्या तरुणांच्या ओठीं सदैव असत.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९३८ मध्यें, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनें 'ब्रह्मचारी' हा विनोदी बोलपट काढला. कथा आणि संवाद प्र. के. अत्रे यांचे, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची, नायिका मीनाक्षी. अत्रे हे पुण्यांतील एका शाळेचे मुख्याध्यापक होते. मिसरूड फुटूं लागलेल्या मुलांचे मनोव्यापार त्यांनीं वर्गांत बसून पाहिलेले होते. या बोलपटाची आठवण निघाली कीं नायिकेच्या पोहण्याच्या पोषाखाचीच गोष्ट होते. परंतु त्याचें खरें बळ आहे तें कथेच्या मांडणींत.

औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. एक व्याख्यान ऐकून तो ब्रह्मचर्याचें व्रत घेतो, जमविलेलीं नटींचीं चित्रें फेंकून देतो आणि एका कडक शिस्तीच्या संस्थेंत दाखल होतो. मग किशोरी येते, आणि व्रताला तडे जाऊं लागतात. हा क्रम उलटा करून पाहावा. आधीं प्रेम आणि मागाहून व्रत असें असतें, तर ती प्रेमभंगाची करुण कथा झाली असती. येथें व्रत आधीं आहे; म्हणून पुढचा प्रत्येक प्रसंग ही एक परीक्षा होते, आणि तिचा निकाल नायकाच्या आधीं प्रेक्षकांस ठाऊक असतो. ज्याच्यापाशीं फेंकण्याजोगीं इतकीं चित्रें होतीं, त्याचा स्वभाव एका व्याख्यानानें कसा पालटणार?

ही मांडणी जुनी आहे. १५९८ मध्यें छापलेल्या शेक्सपिअरच्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' या नाटकांत नव्हारचा राजा आणि त्याचे तीन सोबती तीन वर्षें केवळ विद्याभ्यास करण्याची व स्त्रीमुख न पाहण्याची शपथ घेतात. तोंच फ्रान्सची राजकन्या सख्यांसह येते. चौघेही चोरून प्रेमकविता लिहितात, आणि एकामागून एक पकडले जातात. मात्र अखेरीस राजकन्येचा पिता निवर्तल्याची वार्ता येते, आणि त्या तरुणांस एक वर्ष थांबण्यास सांगितलें जातें. हास्य संपतें आणि खरी कसोटी सुरू होते.

मग अत्र्यांनीं साने गुरुजींसारख्या व्रतस्थांचीच थट्टा केली काय? याचें उत्तर १९५३ मध्यें मिळालें. गुरुजींच्या 'श्यामची आई'वर चित्रपट काढला तो अत्र्यांनींच. राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट ठरला. मूळ पुस्तकाची मांडणी 'ब्रह्मचारी'च्या अगदीं उलट आहे. तेथें मोठा झालेला श्याम आश्रमांतील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपलें बालपण सांगतो. पोहण्याच्या भीतीनें लपून बसलेल्या श्यामला आई चोप देते, तेव्हां वाचकास हंसूं येतें; पण त्या मुलाचें पुढें काय झालें हें समोरच दिसत असल्यामुळें त्या हंसण्यांत उपहास उरत नाहीं.

औदुंबर आधीं शपथ घेतो आणि मग स्वतःस ओळखूं लागतो. श्याम स्वतःस ओळखून मग बोलतो. अत्र्यांचा बाण व्रतावर नव्हता, टाळ्यांच्या कडकडाटांत घेतलेल्या शपथेवर होता. फैजपूरसाठीं उन्हातान्हांत गांवोगांव हिंडणाऱ्या पावलांना तो लागण्याचें कारणच नव्हतें.